फुशिगी यूगी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांनी ही मालिका अद्याप पाहिलेली नाही, त्यांचा रसभंग होऊ नये म्हणून कथानकाचे उत्तरार्धातील धागे जेथे उलगडावे लागले आहेत, तेथे प्रश्नासोबतच तशी सूचना दिली आहे.

ही मालिका नेमकी कोणती, आणि ती कोणी निर्माण केली?

‘फुशिगी यूगी’ ही मूळची यू वातासे यांची चित्रकथा. शोगाकुकान या प्रकाशनसंस्थेच्या ‘शोजो कॉमिक’ या किशोरवयीन मुलींसाठीच्या नियतकालिकात ती १९९२ ते १९९६ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली आणि तिचे एकूण १८ खंड निघाले. चित्रकथा चालू असतानाच स्टुडिओ पिएरो या संस्थेने तिच्यावरून ५२ भागांची ॲनिमे मालिका तयार केली. हाजिमे कामेगाकी यांच्या दिग्दर्शनाखाली झालेली ही मालिका टीव्ही टोकियो वाहिनीवर ६ एप्रिल १९९५ ते २८ मार्च १९९६ या वर्षभरात प्रसारित झाली.

वातासे यांचा जन्म १९७० साली ओसाका प्रांतातील किशिवादा येथे झाला. वयाची विशी ओलांडण्याआधीच त्यांची पहिली चित्रकथा छापून आली होती आणि ‘फुशिगी यूगी’ सुरू झाली तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते. नायिकेचा उतावळेपणा, मैत्रिणींमधील रुसवे आणि प्रेमात पडल्यावर जगाचा विसर पडणे या गोष्टी मालिकेत इतक्या जवळून आल्या आहेत, याचे एक कारण या वयात असावे असे वाटते. २०१९ साली वातासे यांनी आपण स्वतःस केवळ स्त्री किंवा केवळ पुरुष मानत नसल्याचे जाहीर केले. त्या दृष्टीने या कथेतील नुरिको हे पात्र पुन्हा पाहण्यासारखे आहे. त्याविषयी पुढे स्वतंत्र प्रश्न घेतला आहे.

कथा थोडक्यात काय आहे?

मिआका युकी ही पंधरा वर्षांची, खादाड आणि अभ्यासात बेताचीच असलेली टोकियोतील मुलगी उच्च माध्यमिक शाळेच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करीत आहे. जपानमध्ये सक्तीचे शिक्षण नऊ वर्षांनी संपते आणि पुढील शाळा प्रवेशपरीक्षा घेऊन विद्यार्थी निवडते, त्यामुळे मिआकाचे ते वर्ष म्हणजे आपल्याकडचे दहावीचेच वर्ष समजावे. आईला मुलगी नामांकित शाळेत जायला हवी आहे, मुलीला मात्र तेवढा आवाका आपल्यात नाही हे आतून ठाऊक आहे. तिची जिवलग मैत्रीण युई होंगो ही याच्या अगदी उलट म्हणजे हुशार, शांत आणि जबाबदार आहे.

या दोघींना राष्ट्रीय ग्रंथालयात चार देवांविषयीचा एक जुना चिनी ग्रंथ सापडतो. ही कथा वाचणे हाच एक मंत्र असून पान उलटताच ती खरी होऊ लागेल, असे त्याच्या आरंभीच लिहिलेले असते. दोघी ग्रंथाच्या आत ओढल्या जातात, प्राचीन चीनसारख्या दिसणाऱ्या एका देशात गुलामांचा व्यापार करणाऱ्यांच्या तावडीत सापडतात आणि कपाळावर चिन्ह चमकणारा एक तरुण त्यांची सुटका करतो. हा तरुण म्हणजे तामाहोमे. पुढे आईशी कडाक्याचे भांडण झाल्यावर मिआका पुन्हा ग्रंथात जाते, ती मात्र एकटी. तेथे ती कोनान देशाची पुजारीण ठरते आणि सुझाकु देवाला आवाहन करण्यासाठी सात नक्षत्रयोद्धे शोधण्याची कामगिरी तिच्यावर येते. देव प्रकट झाला की तो पुजारिणीच्या तीन इच्छा पूर्ण करणार असतो.

इकडे टोकियोत युई ग्रंथाची पाने उलटून मैत्रिणीवर काय गुदरते आहे ते वाचत असते. मिआकाला भूक लागली, मिआकाला पुन्हा भूक लागली, हेही त्या गंभीर ग्रंथात यथासांग लिहिलेले असते, आणि मालिकेच्या आरंभीच्या भागांतील विनोद बराचसा या युक्तीतून निघतो.

चार देव, चार देश आणि अठ्ठावीस योद्धे हा प्रकार कोठून आला?

तो वातासे यांच्या कल्पनेतून आलेला नसून प्राचीन चिनी खगोलशास्त्रातून घेतलेला आहे. चिनी ज्योतिर्विदांनी चंद्राच्या मार्गावरील आकाशाचे अठ्ठावीस विभाग केले आणि त्यांचे सात-सातांचे चार गट करून प्रत्येक गटावर एका दिशेचा रक्षक प्राणी नेमला: पूर्वेला निळा-हिरवा ड्रॅगन, दक्षिणेला शेंदरी पक्षी, पश्चिमेला पांढरा वाघ आणि उत्तरेला सर्पाने वेढलेले कासव. जपानी भाषेत त्यांना अनुक्रमे सेइर्यु, सुझाकु, ब्याक्को आणि गेन्बु म्हणतात. मालिकेतील कुतो, कोनान, साइरो आणि होक्कान हे चार देश याच क्रमाने त्यांच्या आश्रयाखाली येतात.

हे देव जपानी मनाला परके नाहीत. नारा प्रांतातील आसुका येथे असलेल्या किटोरा या प्राचीन थडग्याच्या चार भिंतींवर चारही प्राणी रंगवलेले सापडले आहेत आणि छतावर तारकांचा नकाशा आहे. क्योतोच्या प्राचीन राजधानीतील मध्यवर्ती राजमार्गही सुझाकुच्याच नावाचा होता. म्हणजे टोकियोत वाढलेल्या प्रेक्षक मुलीने इतिहासाच्या पुस्तकात जे शुष्कपणे वाचलेले असते, तेच तिला येथे मुकुट, झगे आणि प्रेमपत्रांसह भेटते.

या नक्षत्रांचा आपल्या नक्षत्रांशी काही संबंध आहे का?

आहे, आणि मराठी प्रेक्षकाला ही मालिका पाहताना इतरांना सहसा न मिळणारा आनंद येथेच मिळू शकतो. योद्ध्यांची नावे ही त्या अठ्ठावीस विभागांची जुनी जपानी नावे आहेत. आपली नक्षत्रे सत्तावीस, अभिजित धरल्यास अठ्ठावीस. दोन्ही पद्धती चंद्राच्या मार्गावरच बेतलेल्या असल्यामुळे अनेक ठिकाणी तारेही तेच आहेत. तामाहोमे म्हणजे आपला पुष्य, नुरिको म्हणजे आश्लेषा आणि मित्सुकाके म्हणजे हस्त. शत्रुपक्षातील, म्हणजे कुतो देशाच्या योद्ध्यांपैकी, सुबोशी हा चित्रा, सोई ही अनुराधा आणि सेनापती नाकागो हा ज्येष्ठा आहे. लांडग्यासारखा हिंस्र अशितारे हा तर मूळ नक्षत्रावरचा आहे. पश्चिमेच्या गटातील सुबारू ही वृद्ध स्त्री म्हणजे आपल्या कृत्तिका. सर्वच जोड्या मात्र जुळत नाहीत: होतोहोरीचा तारा हा वासुकी तारकासमूहातील असून त्याच क्रमावर येणारी आपली मघा आकाशात वेगळ्या ठिकाणी आहे.

दोन्ही पद्धतींची सांगड जपानमध्ये फार पूर्वीच घातली गेली. कूकाई हा बौद्ध भिक्षू ८०६ साली चीनहून परतला तेव्हा त्याने आणलेल्या ग्रंथांत भारतीय नक्षत्रविद्येवर आधारलेला एक ग्रंथ होता. त्यातून जपानमध्ये रूढ झालेल्या फलज्योतिषात भारतीय पद्धतीप्रमाणे सत्तावीसच नक्षत्रे धरतात.

येथे एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. तामाहोमे हा पैशाच्या मागे लागलेला तरुण असून फुकट मदत करणे त्याच्या स्वभावात बसत नाही, निदान सुरुवातीला तरी. त्याचे नक्षत्र पुष्य, आणि आपल्याकडे गुरुपुष्याला सोने घेण्यासाठी सराफांच्या दुकानांत गर्दी उसळते. जपानी पंचांगातही या नक्षत्राचा दिवस अतिशय शुभ मानला जातो. हा योगायोगच म्हणायचा, पण त्याच्या कपाळावरचे चिन्ह चमकले की मराठी प्रेक्षकाला हसू आवरत नाही.

सुझाकुचे सात योद्धे ओळखायचे कसे?

आरंभी नावांचा गोंधळ होतो, हे खरे. प्रत्येकाच्या अंगावर कोठेतरी त्याच्या नक्षत्राचे चिनी अक्षर उमटते, परंतु ती लिपी वाचता न येणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. स्वभावावरून ओळखणे सोपे जाते. तामाहोमेविषयी वर आले आहेच. होतोहोरी हा कोनानचा तरुण सम्राट आहे. स्वतःच्या रूपावर तो स्वतःच लुब्ध असतो, पण आयुष्यभर राजवाड्याच्या भिंतींआड एकटाच वाढलेला असल्यामुळे त्याचा गर्व कधी खुपत नाही. नुरिको दिसायला नाजूक, पण ताकदीला कोणासही हार न जाणारा. तासुकी हा डोंगरातील दरोडेखोरांचा म्होरक्या असून त्याच्या हातातील लोखंडी पंख्यातून ज्वाळा निघतात आणि त्याची जीभही तितकीच तिखट आहे. मित्सुकाके हा अबोल वैद्य आहे. चिरिको हा तेरा वर्षांचा विद्वान मुलगा.

चिचिरीचा उल्लेख मुद्दाम वेगळा करावा लागतो. सदैव हसणारा चेहरा घेऊन वावरणारा हा भटका भिक्षू सुरुवातीला निव्वळ विदूषक वाटतो. तो चेहरा हा मुखवटा आहे आणि त्याखाली एक डोळा गमावलेला, जवळच्या मित्राच्या मृत्यूचे ओझे वाहणारा माणूस आहे, हे कळल्यावर मागचे सगळे विनोद वेगळे ऐकू येऊ लागतात. सात जणांत सर्वांत नीट लिहिलेले पात्र कोणते, असे विचारल्यास आमचे उत्तर चिचिरी असेच राहील, मग तामाहोमेच्या चाहत्या कितीही रागावोत.

ही प्रेमकथा आहे की मैत्रीची कथा? (मध्यापर्यंतचे कथानक उघड होते.)

जाहिरात प्रेमकथेची आहे आणि मिआका-तामाहोमे यांचे प्रेम मालिकेत भरपूर आहे; कधीकधी जरा जास्तच, कारण ही दोघे दर दोन-तीन भागांनी एकमेकांपासून ताटातूट होऊन पुन्हा गळ्यात पडतात. परंतु मालिका उभी आहे ती मिआका आणि युई यांच्या मैत्रीवर, आणि ती तुटते कशी हे दाखवण्यात वातासे यांनी जे कौशल्य वापरले आहे ते प्रेमप्रसंगांत क्वचितच दिसते.

मिआकाला घरी परत आणावे म्हणून युई जिवाच्या आकांताने तिला हाका मारते. त्या ओढीच्या बळावर मिआका बाहेर येते, पण त्याच क्षणी तिच्या जागी युई ग्रंथात ओढली जाते. परक्या देशातील रस्त्यावर काही पुरुष तिच्यावर हल्ला करतात. शुद्धीवर आल्यावर आपल्यावर बलात्कार झाला असे ती समजते, आणि तिला वाचवणारा कुतोचा सेनापती नाकागो तिचा हा समज जाणूनबुजून दूर करीत नाही. मिआका मैत्रिणीसाठी ग्रंथात परत येते तोवर तिकडे तीन महिने उलटलेले असतात. त्यातच आपण तामाहोमेला भेटण्याच्या ओढीने परत आलो, असे मिआका बोलून जाते आणि युई ते ऐकते. ज्या तरुणाने पहिल्या दिवशी दोघींना वाचवले, त्याच्यावर युईचेही मन बसलेले असते. ती मिआकाविरुद्ध सेइर्युची पुजारीण होण्याचे स्वीकारते.

युईला येथे खलनायिका म्हणून झटकून टाकणे सोपे आहे आणि अनेक प्रेक्षक तसे करतातही. पण तिची बाजू मांडून पाहावी. आजवर मिआकाचा गृहपाठ तिने करून दिला, मिआकाच्या चुका तिने निस्तरल्या, आणि तिला पहिल्यांदाच कोणाची तरी गरज पडली तेव्हा मिआका दुसऱ्याच्या प्रेमात होती. यातील पहिला भाग पूर्ण खरा आहे, दुसरा अर्धाच. नाकागोचा सगळा डाव या अर्ध्या सत्यावर चालतो. मिआकाही निर्दोष नाही. ती चांगल्या मनाची आहे, परंतु समोरच्याच्या मनात काय चालले आहे याचा विचार करण्याची तिला सवयच नाही, कारण तो विचार तिच्या वतीने नेहमी युई करीत आली. शाळेतील मैत्रीत एकीने नेहमी सांभाळायचे आणि दुसरीने नेहमी सांभाळून घ्यायला लावायचे, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना या भांडणात नवे असे काहीच वाटणार नाही. फक्त येथे त्याचे पर्यवसान दोन राज्यांमधील युद्धात होते.

तीन इच्छा मिळणे हे तर वरदानच. मग पुजारिणी घाबरतात कशाला?

कारण देव इच्छा पूर्ण करतो ते पुजारिणीच्या शरीराच्या आणि मनाच्या मोबदल्यात. प्रत्येक इच्छेबरोबर तो तिला आतून ग्रासत जातो आणि तिचा निर्धार कमी पडल्यास शेवटी तिला गिळंकृत करतो. शिवाय आवाहनापर्यंत पुजारिणीने कौमार्य राखले पाहिजे अशी अट आहे. प्रेमकथेच्या नायिकेवर अशी अट घालणे ही चतुर योजना आहे: मिआकाचे प्रेम आणि मिआकाचे कर्तव्य यांचा मेळ मालिका संपेपर्यंत बसू नये, याची तजवीज त्यात झाली आहे. मात्र याच अटीपायी कथेत काही अप्रिय प्रसंग वारंवार येतात.

ही मालिका कोणत्या वयाच्या मुलींना दाखवावी?

लहान मुलींना दाखवू नये, हे स्पष्टच सांगितले पाहिजे. चित्रे गोंडस असली आणि पात्रे मधूनच बुटकी, फुगीर होऊन विनोद करीत असली, तरी मालिकेत युद्ध, रक्तपात, विषप्रयोग, आत्महत्येचा प्रयत्न आणि लैंगिक अत्याचाराचे अनेक प्रयत्न दाखवलेले आहेत. कौमार्याची अट असल्याने शत्रूंच्या दृष्टीने मिआकाला निकामी करण्याचा सर्वांत सोपा मार्ग तोच ठरतो आणि लेखणी त्या मार्गाने गरजेपेक्षा जास्त वेळा जाते. युईच्या बाबतीत तो प्रसंग कथेचा गाभा आहे व त्याचे परिणाम शेवटपर्यंत जाणवत राहतात. पण मिआकावर ओढवणारी अशी संकटे पुष्कळदा केवळ तामाहोमेने धावत यावे यासाठी योजलेली दिसतात. हा मालिकेचा सर्वांत मोठा दोष आहे आणि ती १९९५ सालची आहे एवढ्याने तो क्षम्य ठरत नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीने ती पाहण्यास हरकत नसावी. घरातील मोठ्या माणसांपैकी कोणी सोबत बसले तर उत्तम, कारण यातील बरेच काही बोलण्यासारखे आहे.

नुरिकोच्या पात्राविषयी इतकी चर्चा का होते? (उत्तरार्धातील महत्त्वाची घटना उघड होते.)

नुरिको प्रथम दिसतो तो सम्राटाच्या अंतःपुरातील एक रूपवती म्हणून. पुढे कळते की हा पुरुष असून, लहानपणी मरण पावलेल्या बहिणीला आपल्यातून जगवत ठेवावे म्हणून तो तिच्या वेषात, तिच्या नावाने राहू लागला. होतोहोरीवर त्याचे प्रेम आहे आणि मिआकाविषयीही पुढे त्याच्या मनात माया दाटते. आरंभीच्या भागांत त्याच्या वेषावरून जे विनोद होतात त्यांतले काही आज ऐकवत नाहीत. पण विनोदाचा विषय म्हणून आलेले हे पात्र वातासे यांनी हळूहळू सर्वांत शहाणे आणि सर्वांत धीराचे केले. मिआकाला तिच्या चुका तोंडावर सांगण्याचे धैर्य एकट्या नुरिकोतच आहे.

तो केस कापून पुरुषवेष घेतो, याचा अर्थ काय लावायचा यावर चाहत्यांत आजही मतभेद आहेत. बहिणीच्या शोकातून तो बाहेर पडला असे काही मानतात, तर काहींना त्यात पात्राचे वेगळेपण पुसून टाकल्यासारखे वाटते. त्यानंतर होक्कानच्या बर्फाळ डोंगरावर अशितारेशी झुंजताना प्राणांतिक जखमा झालेल्या असतानाही तो गुहेच्या तोंडावरची शिळा हलवतो आणि मगच कोसळतो. मालिका पाहून वीस वर्षे झालेल्या माणसाला बाकी सारे विसरले तरी हा भाग आठवतो.

नाकागो इतका क्रूर का आहे?

तो एका लहान जमातीचा आहे. कुतोच्या सैन्याने ती जमात नष्ट केली आणि लहानग्या नाकागोला ज्या सम्राटाची पुढे चाकरी करावी लागली, त्यानेच त्याचा अनन्वित छळ केला. या माणसाला राज्य नको, देवाचे सामर्थ्य हवे आहे. मालिका त्याच्या गुन्ह्यांना माफी देत नाही, पण ते समजून घ्यायला लावते. सोई ही त्याची सहकारी त्याच्यावर एकतर्फी प्रेम करते. तिचे थोडेसेच प्रसंग मिआकाच्या डझनभर अश्रुपातांहून अधिक बोचतात.

ग्रंथ आला कोठून? तो खरा आहे का?

असा ग्रंथ प्रत्यक्षात नाही. कथेत त्याचे चिनीतून जपानीत भाषांतर ओकुदा एइनोसुके नावाच्या माणसाने तैशो कालखंडात (१९१२ ते १९२६) केलेले असते. त्याची मुलगी ताकिको ही ग्रंथात गेलेली पहिली मुलगी, गेन्बुची पुजारीण. सुझुनो ही त्यानंतरची, ब्याक्कोची पुजारीण. मिआकाचा थोरला भाऊ केइसुके आणि त्याचा मित्र तेत्सुया टोकियोत बसून या जुन्या प्रकरणाचा छडा लावतात. ग्रंथातील काळ बाहेरच्या काळापेक्षा फार वेगाने सरकतो, त्यामुळे मिआका आत महिनोन्महिने संकटे भोगत असताना भावाचा अजून चहासुद्धा संपलेला नसावा असे वाटते. तपासाचा हा धागा अनेकांना रेंगाळणारा वाटतो. आम्हाला तो आवडतो, कारण बहिणीविषयी वाचण्याखेरीज काहीच करता न येण्याची केइसुकेची असहायता त्याच्यामुळेच पोहोचते.

चित्रकथा वाचावी की मालिका पाहावी? कोणत्या क्रमाने?

५२ भागांच्या मालिकेत चित्रकथेचे पहिले १३ खंड बऱ्याच इमानाने आले आहेत. त्यानंतर थेट व्हिडिओवर प्रसिद्ध झालेले तीन संच आहेत. १९९६ सालचा पहिला तीन भागांचा असून तो टाळला तरी चालतो. दुसरा संच सहा भागांचा, १९९७-९८ सालचा; खंड १४ ते १८ मधील उत्तरकथा त्यात येते आणि ती पाहिल्यावाचून कथा पुरी होत नाही. २००१-०२ मधील चार भागांचा ‘एइकोदेन’ हा एका कादंबरीवर आधारलेला आहे. त्यात मिआकाला बाजूला सारून नवी नायिका आणली आहे आणि चाहत्यांपैकी पुष्कळांना तो रुचलेला नाही. आमचेही मत तेच आहे.

चित्रकथेतील रेखाटन अधिक तलम आहे, विशेषतः वस्त्रे आणि केस. परंतु होतोहोरीचे लाड आणि तासुकीचे शिव्याशाप खरे खुलतात ते आवाजामुळे. म्हणून मालिका आधी, चित्रकथा नंतर, असा क्रम सुचवावासा वाटतो.

संगीत आणि आवाज कसे आहेत?

संगीत युसुके होन्मा यांचे असून अकेमी सातो यांनी गायलेले सुरुवातीचे गीत आजही ऐकावेसे वाटते. मिआकाला काए आराकी यांनी, तामाहोमेला हिकारू मिदोरिकावा यांनी आणि होतोहोरीला ताकेहितो कोयासू यांनी आवाज दिला आहे. मालिका मूळ जपानी आवाजातच पाहावी. चिचिरी प्रत्येक वाक्याच्या शेवटी जो लकबीचा शब्द लावतो, त्याची खुमारी इंग्रजी आवाजात उतरत नाही.

चित्रण जुनाट वाटणार नाही का?

वाटेल. ही हाताने रंगवलेल्या चित्रांची, दर आठवड्याला एक भाग पुरवावा लागणाऱ्या काळातली मालिका आहे. स्थिर चित्रावर कॅमेरा फिरवून वेळ काढणे, मागील भागांतील दृश्ये पुन्हा वापरणे, हे सर्व त्यात आहे. पहिले चार-पाच भाग धीराने पाहावेत. युई कुतोमध्ये पोहोचली की चित्रणाकडे लक्ष राहत नाही.

दुसऱ्या जगात जाण्याच्या आजच्या कथांहून ही वेगळी कशी?

दुसऱ्या जगात जाऊन पोहोचलेल्या माणसांच्या कथांचे जपानमध्ये आज अमाप पीक आले आहे आणि त्यांतील पुष्कळ कथांत नायकाला तेथे अचाट शक्ती मिळतात व तो जुने जग विसरतो. नव्वदच्या दशकात मुलींसाठी लिहिल्या गेलेल्या कथांत मात्र नायिकेचे घर मागे सतत खुणावत असते. मिआकाला कोणतीही शक्ती मिळत नाही. ती धड लढू शकत नाही, मंत्र तिला येत नाहीत, आणि कोनानमध्ये असतानाही तिला आईची व प्रवेशपरीक्षेची आठवण सतावते. तिच्या या असहायतेचा कंटाळा येऊ शकतो आणि तसे म्हणणाऱ्यांना आम्ही खोटे पाडणार नाही. पण परत जायचे की राहायचे, हा प्रश्न तिच्यापुढे खरोखरीचा आहे, कारण दोन्हीकडे तिची माणसे आहेत. तामाहोमे तर ग्रंथातलेच एक पात्र: पुस्तक मिटल्यावर त्याचे काय होणार, या प्रश्नावर मालिकेचा सगळा उत्तरार्ध टांगलेला आहे.

शेवट सुखाचा आहे का? (शेवट उघड होतो.)

बऱ्याच अंशी आहे, पण त्याची किंमत मोठी आहे. सातांपैकी नुरिको, चिरिको, मित्सुकाके आणि सम्राट होतोहोरी हे चौघे शेवटापर्यंत पोहोचत नाहीत. सेइर्युला आधी आवाहन करते ती युई. पण देव तिला गिळू लागतो तेव्हा उरलेली अखेरची इच्छा ती स्वतःसाठी न मागता मिआकाला सुझाकुचे आवाहन करता यावे म्हणून खर्च करते, आणि मिआका तिला परत आणते. पुढे टोकियोत मिआकाला ताका नावाचा तरुण भेटतो, तो तामाहोमेचाच पुनर्जन्म असतो. हा योग फार सोयीस्कर आहे अशी टीका होते व ती रास्त आहे. दुसऱ्या व्हिडिओ-संचाने हीच अडचण विषय म्हणून घेतली आहे: आठवणी दुसऱ्याच्या, शरीर वेगळे, तर मिआकाचे प्रेम नेमके कोणावर, हा प्रश्न ताका स्वतःलाच विचारतो.

मालिका आवडल्यास पुढे काय वाचावे?

‘फुशिगी यूगी: गेन्बु काइदेन’. ताकिको ओकुदाची ही कथा वातासे यांनी २००३ ते २०१३ या काळात १२ खंडांत लिहिली. ताकिको मिआकापेक्षा गंभीर, स्वावलंबी आणि शस्त्र हाती धरणारी आहे. मूळ मालिकेतील बहुतेक दोष येथे दिसत नाहीत आणि रेखाटनही पुष्कळ परिपक्व झाले आहे. तिचा अंत मूळ मालिकेतच सांगून झालेला असल्यामुळे वाचकाला तो पहिल्या पानापासून ठाऊक असतो, तरीही शेवटचा खंड हातातून खाली ठेववत नाही. सुझुनोची ‘ब्याक्को सेन्की’ ही कथा २०१७ साली सुरू झाली, पण ती अपूर्ण आहे. ती हाती घ्यायची तर अर्ध्यावर थांबावे लागेल हे लक्षात ठेवूनच घ्यावी.